संग्रहालयातली पाटी कुणी लिहायची?

रायसीना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या दोन इमारतींतून नव्वदहून अधिक वर्षं देशाचा कारभार चालला. तिथे आता ‘युगे युगीन भारत’ या नावाचं राष्ट्रीय संग्रहालय होऊ घातलं आहे. मे २०२३ मध्ये कल्पना जाहीर झाली, डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या एका संग्रहालय-सल्लागार संस्थेशी करार झाला आणि जनपथावरच्या सध्याच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं पुढे काय होणार यावर उलटसुलट बातम्या येत राहिल्या. त्यावर चाललेली चर्चा वाचून मन खट्टू होतं. एक पक्ष म्हणतो, गुलामीच्या खुणा पुसून आपली खरी ओळख सांगणारी वास्तू उभी राहते आहे, तिला खोडा घालणारे करंटे आहेत. दुसरा म्हणतो, हा सगळा सरकारी प्रचार आहे, यातून इतिहासाची मोडतोडच होणार. दालनं उभी राहण्याआधीच त्यांत काय सांगितलं जाणार हे दोघांनाही ठाऊक आहे. जनपथावरच्या संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यांच्या नोंदी शेवटच्या कुणी तपासल्या, त्यांच्या शेजारच्या पाट्या कोण लिहिणार, चुकलेली पाटी कुणी आणि कशी दुरुस्त करायची, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगतो. राष्ट्रीय संग्रहालय राष्ट्राची ओळख घडवतं आणि त्याने ती घडवायलाच हवी. पण ती घडते पुरावा जपल्याने, तो लोकांसमोर उघडा ठेवल्याने आणि त्याच्याविषयी जे ठाऊक नाही तेही सांगितल्याने. सरकारने इमारत बांधावी, पैसा द्यावा, पहारा ठेवावा. पाटी लिहिण्याचा हक्क मात्र सरकारकडे नसावा. तो त्या वस्तूचा अभ्यास केलेल्या माणसाकडे असावा आणि त्याचं लिहिणं तपासण्याचा हक्क तुमच्या-माझ्याकडे असावा. एवढं झालं तर दालनात कोणत्या पक्षाला आवडणारी गोष्ट सांगितली आहे याची मला फारशी चिंता नाही. एवढं झालं नाही, तर ती गोष्ट मला कितीही आवडली तरी ती टिकणारी नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. तटस्थ संग्रहालय जगात कुठे होतं? पॅरिसचं लूव्र १० ऑगस्ट १७९३ रोजी जनतेसाठी उघडलं, बरोबर वर्षभरापूर्वी त्याच दिवशी तिथली राजेशाही कोसळली होती. राजाचा संग्रह आता राष्ट्राचा झाला, हे सांगण्यासाठीच तो मुहूर्त निवडला गेला. श्रीरंगपट्टणमच्या पाडावानंतर टिपू सुलतानाचा लाकडी वाघ ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये नेऊन मांडला, तो काही कारागिरीच्या कौतुकापोटी नव्हे. १८१४ साली कोलकात्यात सुरू झालेल्या संग्रहालयापासून पुढे साम्राज्याने इथली माणसं, देव, दगड आणि धान्य सगळं आपल्या सोयीने वर्गवारी करून मांडलं. मग दीडशे वर्षं परक्यांनी आपली ओळख घडवलेली चालली आणि आता आपण आपली घडवू लागलो की तेवढ्यात तटस्थतेची आठवण का होते, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न उडवून लावता येत नाही.

मला तर हा आक्षेप आणखी पुढे न्यावासा वाटतो, कारण खुद्द आपलं राष्ट्रीय संग्रहालयही एका निवडीतून जन्मलं आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये रॉयल अकादमीने भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी प्रांतोप्रांतीच्या संग्रहालयांनी आपल्या उत्तमोत्तम वस्तू उसन्या दिल्या. त्या परत आल्यावर दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या गेल्या आणि मग त्या विखुरण्याऐवजी त्यांच्याभोवतीच राष्ट्रीय संग्रहालय उभं करायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते ते सुरू झालं. जनपथावरच्या इमारतीची कोनशिला नेहरूंनी १९५५ साली बसवली आणि १९६० च्या डिसेंबरात ती लोकांसाठी खुली झाली. म्हणजे स्वतंत्र भारताने स्वतःला पहिल्यांदा आरशात पाहिलं ते लंडनच्या प्रेक्षकांसाठी वेचलेल्या वस्तूंमधून. त्या निवडीत दगडी शिल्पं होती, ब्राँझच्या मूर्ती होत्या, लघुचित्रं होती. शेतकऱ्याचं औत, कुंभाराचं चाक, विणकराचा माग यांना त्यात जागा कुठून मिळणार? कलेच्या प्रदर्शनात ती बसत नव्हती. नवं राष्ट्र घाईत होतं, हाताशी जे उत्तम होतं ते त्याने मांडलं. त्याबद्दल त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही, पण ती निवड होती हे विसरण्यातही नाही.

त्याच सुमारास ओळख घडवण्याचा दुसरा एक प्रकार चालू होता, तो आठवला की आजही पोटात कालवतं. फाळणीत टेबलं, खुर्च्या, रेल्वेचे डबे वाटले गेले, तशा मोहेंजोदडोच्या वस्तूही वाटल्या गेल्या. पाच हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या त्या संस्कृतीचा निम्मा निम्मा हिस्सा दोन देशांना मिळायला हवा होता. कार्नेलियनच्या लांबट मण्यांचा आणि तांब्याच्या मण्यांचा एक कंबरपट्टा होता. तो कोणाकडे जावा यावर एकमत होईना, म्हणून त्याचे मणी मोजून अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे गेले. मोहेंजोदडोच्याच एका गळ्यातल्या हाराचीही तीच गत झाली. हे मणी भोकं पाडून ओवणाऱ्या कारागिराला भारत ठाऊक नव्हता आणि पाकिस्तानही. ‘नर्तकी’ दिल्लीत राहिली, दाढीवाला ‘पुरोहित राजा’ अखेर कराचीला गेला. आज दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांत आपापल्या वाट्याची मूर्ती आपल्या प्राचीनतेचा दाखला म्हणून छापली जाते. ती दोन्ही विधानं खोटी नाहीत. पण तो हार तोडलेला आहे हे ज्या पाटीवर लिहिलेलं नसेल, ती पाटी अपुरी आहे. आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या हारात जितकं आहे तितकंच तो अर्धा का आहे यात आहे.

तर निवड टळत नाही, हे मान्य. पण निवड करणं वेगळं आणि निष्कर्ष हातात ठेवणं वेगळं. निवड चुकली तर पुढची पिढी तळघरातल्या वस्तू वर आणू शकते, कारण त्या जपलेल्या असतात आणि त्यांची नोंद असते. निष्कर्ष आधी ठरवून त्याला लागतील तेवढ्याच वस्तू मांडल्या, बाकीच्यांची नोंदही धड ठेवली नाही, तर पुढच्या पिढीकडे दुरुस्तीला काही उरतच नाही. मे २०२३ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय प्रदर्शनाचं बोधचिन्ह म्हणून त्याच नर्तकीची चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या धर्तीवर एक नवी आवृत्ती केली गेली आणि तिला अंगभर कपडे चढवले गेले. त्यावरून गदारोळ झाला. मला तो गदारोळ फारसा भावला नाही. खेळण्याला काय नेसवायचं तो खेळणं करणाऱ्याचा प्रश्न. जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची, कमरेवर हात ठेवून उभी असलेली, एका हातात खांद्यापर्यंत बांगड्या भरलेली मूळ मूर्ती काचेमागे जागेवर आहे आणि ज्याला ताडून पाहायचं त्याला ती पाहता येते, हे अधिक महत्त्वाचं. मूळ वस्तू सुरक्षित आणि उघडी असली की कोणतीही आवृत्ती तिच्यावर मात करू शकत नाही.

हे सगळं दिल्लीचं झालं. आपल्या महाराष्ट्रात हाच वाद वाघनखांवरून झाला, आणि तो जितका वाईट रीतीने झाला तितकं मला लागून राहिलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी आणायचा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. ही तीच वाघनखं, असं सरकारने सांगितलं. तीच असल्याचा पुरावा नाही, असं कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी सांगितलं. पुढे काय व्हायचं ते झालं. शंका घेणारा तो महाराजांचा द्वेष्टा आणि भक्तिभावाने रांगेत उभा राहणारा तो भाबडा, अशी सरळ वाटणी झाली. ज्या संग्रहालयाची वस्तू होती त्याने स्वतः काय लिहिलं आहे, हे या भांडणात किती जणांनी वाचलं?

त्या संग्रहालयाची भूमिका स्वच्छ आहे. ही वाघनखं जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून आली आहेत. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, होता आणि मराठ्यांचा इतिहास त्याने लिहिला. वाघनखांसोबत एक पेटी आहे, तिच्यावर मजकूर आहे: शिवाजीने ज्या वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं ती ही, आणि ती ग्रँट डफला तो साताऱ्यात असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाने दिली. मात्र हीच ती प्रतापगडावरची वाघनखं, याची खात्री करून घेणं शक्य झालेलं नाही, असंही संग्रहालय नमूद करतं.

आता त्या पेटीकडे जरा जवळून पाहा. अफझलखान मुघल सेनापती नव्हता, तो विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडलं हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं, आणि पेटीवर मजकूर घालणाऱ्याला मात्र खान कुणाचा होता तेही ठाऊक नव्हतं. म्हणजे तो मजकूर लिहिणारा घटनेपासून बराच दूर होता, काळानेही आणि माहितीनेही. देणारा कोण, तेही धड नाव घेऊन सांगितलेलं नाही. एवढ्यावरून वाघनखं खोटी ठरत नाहीत. पण ही पेटी स्वतःच एक अस्सल ऐतिहासिक वस्तू आहे. मराठी राज्य बुडाल्यावर चार-दोन वर्षांतच साताऱ्याच्या रेसिडेन्सीत महाराजांची आठवण म्हणून काय हातोहात दिलं जात होतं, आणि ते घेणाऱ्या घराला त्यातलं किती कळलं होतं, याची ती साक्षीदार आहे. वाघनखं खरी की खोटी एवढ्याच प्रश्नावर अडून आपण ही साक्ष वाया घालवली. सातारकरांसमोर नीट मांडली असती तर ती त्यांना कळली नसती का? ज्या गावातून ती वस्तू बाहेर गेली त्याच गावात ती दोनशे वर्षांनी परत आली होती. याहून चांगली संधी कोणत्या संग्रहालयाला मिळते?

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला पहिल्याहून अवघड वाटतो. सांगलीकडचं एखादं कुटुंब एस. टी. बदलून साताऱ्याला येतं, रांगेत उभं राहतं, काचेपुढे आल्यावर आजी हात जोडते. तिला पाटीवर ‘खात्री नाही’ असं वाचायला देऊन तुम्ही काय मिळवलंत? श्रद्धा हेच तर लोकांना संग्रहालयात आणतं. नुसत्या पुराव्यासाठी कोण रांग लावणार? यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. जिव्हाळा नसेल तर संग्रहालय म्हणजे गोदाम. त्या आजीच्या हात जोडण्यात जो महाराष्ट्र आहे तो कोणत्याही शिलालेखाइतका खरा आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्याला इतिहास कळतो असं मी मानत नाही. पण म्हणूनच तिला अर्धवट सांगणं हा तिचा अपमान आहे. महाराजांचं मोठेपण त्या पोलादी नखांवर अवलंबून आहे असं तिला वाटतं का? ते मोठेपण तिला रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या आज्ञेतून कळलेलं असतं, गडकोटांतून कळलेलं असतं. ते एका पाटीने डळमळेल अशी भीती वाटणाऱ्यांचाच विश्वास कच्चा आहे.

आणि पुराव्याने महाराज लहान झाले असं कधी झालंय? एके काळी शिवरायांचं म्हणून जे चित्र सर्रास छापलं जात होतं, ते भलत्याच माणसाचं, एका इब्राहिमखानाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे महाराजांचं समकालीन वळणाचं चित्र शोधून काढलं आणि १९३३ साली ते लोकांसमोर आणलं. आज घरोघरी जो चेहरा आपण ओळखतो त्याच्या मागे हे संशोधन आहे. त्या वेळी कुणी म्हणालं असतं की इतकी वर्षं पूजलेलं चित्र चुकीचं कसं म्हणता, लोकांच्या भावनांचं काय, तर? तर आपण अजूनही इब्राहिमखानाला हार घालत असतो. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, ते याच वृत्तीतून: आपला इतिहास परक्यांनी लिहिलाय अशी तक्रार करत बसण्यापेक्षा आपले कागद आपण गोळा करू. महाराष्ट्राची आजची ओळख ज्या हातांनी घडवली ते हात कागद चाळणारे होते. आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत शिरून ज्यांनी नासधूस केली, त्यांनीही अस्मितेचंच नाव घेतलं होतं. एका पुस्तकाचा राग पोथ्यांच्या कपाटांवर निघाला. त्या कपाटांत कुणाची ओळख होती?

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या तलवारीचं उदाहरण ताजं आहे आणि सुदैवाने आनंदाचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ती निघाली, महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. सरकारने हे उत्तम केलं, यात मला किंतु नाही. तलवार निरखून पाहिली तर पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब आहे. मूठ इथल्या घडणीची आहे. आणि पातं युरोपात घडवलेलं आहे. बंगाल-ओडिशापर्यंत धडक मारणारा मराठा सेनानी समुद्रापारच्या लोहाराचं पातं मागवतो, त्याला आपल्या पद्धतीची मूठ बसवतो, त्यावर आपल्या लिपीत नाव कोरून घेतो. अठराव्या शतकातला महाराष्ट्र किती आत्मविश्वासाने जगाशी देवघेव करत होता हे याहून नेमकं कोणतं भाषण सांगेल? पण हे सांगायचं तर पाटीवर ‘युरोपी पातं’ हे शब्द लिहावे लागतात. ते कमीपणाचे वाटून गाळले, तर रघूजींचाच एक मोठा गुण आपण गाळला.

परक्या सत्तेच्या खुणांचं काय करायचं, यावरही आपण पूर्वी आजच्यापेक्षा शहाणपणाने वागलो आहोत. मुंबईच्या काळ्या घोड्याचा पुतळा, म्हणजे सातव्या एडवर्डचा, १९६५ साली हलवला गेला आणि भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आला. तिथे इतर काही ब्रिटिश पुतळेही आहेत. चौकातून ते उतरवले, कारण चौक मान देण्याची जागा आहे. वितळवले नाहीत, कारण ते आपल्याही इतिहासाचे कागद आहेत. त्याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला आणि त्याचे तुकडे पुढे जोडून उभे केले गेले. नेणारे आणि नेला जाणारा शेजारी शेजारी उभे आहेत. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावलेली आहेत आणि बाहेरच्या चौकातून हलवलेला कामॉइंश कवीचा पुतळाही तिथेच आहे. ती चित्रं पाहिल्याने कुणी गोवेकर पोर्तुगीज झाला नाही. साडेचारशे वर्षांची सत्ता कशी दिसत होती हे मात्र त्याच्या नातवंडांना कळतं.

ओळख सरकारने लिहून दिली की काय होतं, याचे दाखले बाहेर शोधायला फार लांब जावं लागत नाही. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय २०१७ च्या मार्चमध्ये उघडलं. सामान्य माणसांच्या यातना केंद्रस्थानी ठेवल्या, पोलिश शौर्य पुरेसं दाखवलं नाही, म्हणून तत्कालीन सरकारने काही आठवड्यांतच संचालक बदलला आणि प्रदर्शनात फेरफार केले. पुढे सरकार बदललं, नव्या व्यवस्थापनाने २०२४ मध्ये आधीच्यांनी घातलेले काही भाग काढले आणि आता पोलिश वीरांना हटवलं म्हणून पुन्हा आरडाओरड झाली, त्यांना परत आणावं लागलं. सरकार बदललं की भिंत बदलते, हे एकदा ठरलं की भिंतीवरच्या शब्दावर विश्वास ठेवणारा उरत नाही. ढाक्याच्या धानमंडीतल्या बत्तीस नंबरच्या घराची कथा याहून दुःखद आहे. शेख मुजीब यांची १५ ऑगस्ट १९७५ रोजी जिथे हत्या झाली ते घर संग्रहालय झालं होतं, जिन्यावरच्या गोळ्यांच्या खुणाही जपल्या होत्या. पण एका राजवटीने मुक्तिसंग्रामाचा वारसा आपल्या पक्षाचा म्हणून इतकी वर्षं मिरवला की ती राजवट कोसळली त्या दिवशी, ५ ऑगस्ट २०२४ ला, जमावाने ते पेटवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडून टाकलं. जाळणाऱ्यांचा गुन्हा यामुळे रतिभरही कमी होत नाही. पण देशाचं असलेलं घर लोकांना एका पक्षाचं का वाटू लागलं?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण राष्ट्रीय संग्रहालय म्हणजे सरकारी प्रचारच, ते नसलेलंच बरं, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांचा एक मुद्दा मात्र खणखणीत आहे: मोठ्या संग्रहालयांना सामान्य माणसाचं जिणं दिसत नाही, ते जपलं ते कुणा एकट्यादुकट्याने किंवा समाजाने. पुण्याचे दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वज्री, कुलुपं, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिले. वाड्यांतून मोडीत निघालेल्या या वस्तू त्या वेळी कोणत्याही सरकारी संग्रहालयाने दारात उभ्या केल्या नसत्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकयंत्र आणि वापरातल्या वस्तू आहेत. त्या जपल्या बाबासाहेबांच्या माणसांनी, राज्य नंतर आलं. अशा ठिकाणी जाऊन आलं की राष्ट्राची ओळख दिल्लीत घडते हा समज गळून पडतो.

पण यातून राष्ट्रीय संग्रहालय नको असा निष्कर्ष कसा निघतो? केळकरांना आपला संग्रह अखेर शासनाच्या हाती सोपवावासा वाटला, कारण एका माणसाचं आयुष्य वस्तूंना पुरत नाही. जुनं कापड वाळवीपासून आणि दमटपणापासून वाचवायला शास्त्र लागतं, यंत्रं लागतात, दर वर्षी पैसा लागतो. आणि सगळी संग्रहालयं आपापल्या समाजाची झाली तर मला माझंच दिसेल, दुसऱ्याचं कोण दाखवणार? कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. ती कुठल्या समाजाने आपली म्हणून जपायची? १९७४ साली दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. या वस्तू हडप्पा संस्कृतीच्या अभ्यासात मोलाच्या ठरल्या. त्या कुणाच्या? हडप्पा संस्कृतीच्या, महाराष्ट्राच्या आणि त्या खणणाऱ्या हातांच्याही. या तिन्ही गोष्टी एका पाटीवर मावतात, आणि त्या मावणारी जागा राष्ट्रीय संग्रहालयच असू शकते.

राहिला चकाचक दालनांचा प्रश्न. जुनी संग्रहालयं कळकट आहेत, मुलांना कंटाळा येतो, प्रकाश आणि पडदे हवेत, हे सगळं खरं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन करून दाखवलं, तेव्हा भारतातल्या वस्तू त्याच काळातल्या जगातल्या वस्तूंशेजारी ठेवल्या होत्या. नेटकी मांडणी आणि चोख अभ्यास एकत्र नांदतात हे तिथे दिसलं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला वारसा-जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही महापालिकेच्या मालकीच्या इमारतीला. म्हणजे पैसा आणि चिकाटी असेल तर हे जमतं. माझी हरकत पडद्यांना नाही. पडद्यावर जे दिसतं त्यामागे वस्तू नसेल, किंवा वस्तू असून तिची नोंद नसेल, तर त्याला आहे.

आणि नोंदींची अवस्था काय आहे? महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीतली ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत असं नमूद आहे, आणि संग्रहालयांमधल्या वस्तूंच्या नोंदी व पडताळणीवरही ताशेरे आहेत. २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळून खाक झालं. ते भाड्याच्या जागेत होतं. सव्वादोन वर्षांनी रिओ द जानेरोमध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा जगभर हळहळ झाली. दिल्लीच्या आगीवर आपल्याकडे किती दिवस चर्चा झाली? गौरव आणि गुलामी यांवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना आगीच्या बंबाचं आणि नोंदवहीचं सोयरसुतक नसावं, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

म्हणून मागायच्या त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी नोंदींची ‘जतन’ ही संगणकप्रणाली केव्हाच तयार केली आहे, तेव्हा साधन नाही ही सबब चालणार नाही. प्रत्येक वस्तूची नोंद त्यावर यावी, आणि नोंद म्हणजे फोटो व नाव एवढंच नव्हे: ती कुठून, कुणाकडून, कोणत्या साली आली, त्यातलं काय पक्कं आणि काय ऐकीव. प्रत्येक पाटीवर ती लिहिणाऱ्या अभिरक्षकाचं (क्युरेटरचं) नाव आणि तारीख असावी, आणि ती बदलली तर जुनी पाटी नोंदवहीत राहावी. संचालकाची नेमणूक ठरावीक मुदतीची असावी, मंत्री बदलला म्हणून तो बदलू नये. राज्यात वस्तुसंग्रहालयांतली अभिरक्षकांची पदं रिकामी ठेवून लंडनहून तलवारी आणण्यात अर्थ नाही. तलवार आल्यावर तिचा अभ्यास करणारा माणूस लागतोच. वाघनखांची तीन वर्षं २०२७ मध्ये संपतात, तोवर लंडनच्या संग्रहालयाच्या संमतीने त्यांच्या धातूचा आणि घडणीचा संयुक्त अभ्यास व्हावा आणि निकाल कुणाला आवडो न आवडो, मराठीत छापून साताऱ्यातच जाहीर करावा. आणि जनपथावरून पहिली पेटी हलण्याआधी सगळ्या वस्तूंची क्रमांकवार यादी, पडताळणीच्या तारखेसह, संसदेच्या पटलावर ठेवावी. ती मागायला कुणी सत्तेत असावं लागत नाही की विरोधात. महाराष्ट्राच्या लोकसभेतल्या ४८ खासदारांपैकी कुणीही एक प्रश्न विचारून ती मागू शकतो.